गुलाबाच्या नावाने विकले गेलेले गवत

मुसलमान समाजाचे अत्तराशी असलेले नाते सर्वांना ठाऊक आहे. ईद असो, जुम्मा असो, निकाह असो की मय्यत, कापसाचा फाया आणि त्यावरचा एक थेंब आमच्याकडे ठरलेलाच. कनौज, गुलाब, केवडा, हिना, शमामा ही नावे लहान मुलालाही पाठ असतात. पण अत्तराचा इतिहास सांगायला बसलो की आम्ही थेट बगदाद, इस्फहान आणि बुखाऱ्याला जाऊन पोहोचतो. वाटेत खानदेश लागतो, हे आमच्या ध्यानातही येत नाही. सातपुड्याच्या उतारावर उगवणाऱ्या एका गवताच्या पानांतून आणि तुऱ्यांतून निघालेले तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे जात होते. तेथून ते इस्तंबूलला आणि पुढे बल्गेरियाच्या गुलाबाच्या खोऱ्यात पोहोचत होते. ते तेल काढणारे भट्टीवाले मुसलमान होते. या गवताची आणि त्याच्या तेलाची हकिकत येथे मांडावी, असा आमचा प्रयत्न आहे. ती सर्वस्वी अभिमानाची नाही, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

नाव रोशा, वास गुलाबाचा

मराठीत या गवताला रोशा, रोहिस किंवा तिखाडी म्हणतात. हिंदी मुलखात ते रूसा. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. आपण ज्याला गवती चहा म्हणतो, त्याच कुळातले आणि त्याच प्रजातीतले हे भावंड आहे. पान चोळून हुंगले तर गवती चहाचा लिंबासारखा वास येतो, रोशाचा मात्र गुलाबाकडे झुकणारा, किंचित गवताळ. 'रोशा' आणि 'रोझ' या शब्दांतील सारखेपणाने पुष्कळांची फसगत होते. रोशा हा शब्द संस्कृतातील 'रोहिष' या तृणनामावरून आला आहे, त्याचा गुलाबाशी काही संबंध नाही. आयुर्वेदाला रोहिष तृण जुन्या काळापासून परिचित आहे.

शास्त्रीय नावातील 'मार्टिनी' मात्र परदेशी आहे. फ्रान्समधील लियों शहरात जन्मलेला क्लॉड मार्टिन (१७३५-१८००) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मेजर जनरल झाला आणि लखनौच्या नवाबाच्या दरबारी राहून त्याने अमाप संपत्ती मिळवली. लखनौची ला मार्टिनिएर शाळा त्याच्याच पैशातून उभी राहिली. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धात तो कंपनीच्या फौजेबरोबर कर्नाटकच्या बालाघाट पठारावर गेला होता. तेथे त्याला हे गवत दिसले. जनावरे ते हावरटपणे खातात, आणि मग त्यांच्या दुधाला, लोण्याला आणि मांसालाही त्याचा वास येतो, असे त्याच्या लक्षात आले. त्याने बी गोळा केले, लखनौला पेरले आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडेही पाठवले. रॉक्सबर्गने त्याच्या नावावरून गवताचे नाव ठेवले. ज्या लढाईत टिपूचे अर्धे राज्य गेले, त्याच लढाईची ही एक आठवण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात राहून गेली आहे.

इज़खिर : अरबी भावंड

रोशाचे एक अरबी भावंडही आहे. अरबीत त्याला इज़खिर म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ते सिंबोपोगॉन शोनँथस, म्हणजे रोशाच्याच प्रजातीतले. इस्लामी परंपरेत या साध्या गवताला जे स्थान आहे, ते फार थोड्या वनस्पतींना मिळाले असेल. हिजरी सन ८ मध्ये (इ.स. ६३०) मक्का जिंकल्यावर पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या भूमीच्या पावित्र्याची घोषणा केली. तेथील झाडझाडोरा तोडू नये, असे सांगितले. तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी विनंती केली की इज़खिर एवढे वगळावे, कारण ते आमच्या सोनारांना लागते, कबरींना लागते आणि घरांना लागते. पैगंबरांनी ते मान्य केले. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे.

दुसरा प्रसंग उहुदच्या लढाईचा, हिजरी सन ३ चा. हजरत मुस्अब बिन उमैर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या अंगावर घालायला एकच आखूड चादर होती. डोके झाकावे तर पाय उघडे पडत, पाय झाकावे तर डोके. पैगंबरांनी डोके झाकायला आणि पायांवर इज़खिर घालायला सांगितले. मक्केच्या एका श्रीमंत घरात वाढलेल्या तरुणाच्या कफनाची कमतरता या गवताने भरून काढली. हजरत बिलाल (रजि.) यांना मदीनेत ताप भरला असताना मक्केच्या आठवणीने ते व्याकूळ झाले, तेव्हाही त्यांना आठवले ते इज़खिरच. इब्न सिना यांच्या 'अल-कानून'मध्ये साध्या औषधींच्या दुसऱ्या खंडात इज़खिरची नोंद आहे. युनानी हकिमांनी ती परंपरा हिंदुस्थानात आणली.

सोनाराची भट्टी, घराचे छप्पर आणि कबर या तिन्ही ठिकाणी एकच गवत का वापरले गेले, याचे एक कारण उघड आहे. वाळवंटात जे मुबलक मिळते तेच कामाला येते. दुसरे कारण त्याच्या पानातील तेलात असावे, असे आम्हाला वाटते. सुगंधी गवताला किडामुंगी सहसा लवकर लागत नाही. हा तेलाचा गुण काय आहे, याचा विचार पुढे करू.

भपका आणि बढाई

तेल पानात असते, पण ते बाहेर काढण्याची विद्या माणसाची. येथे आमच्या लोकांच्या एका आवडत्या समजुतीविषयी बोलले पाहिजे. इब्न सिना यांनी ऊर्ध्वपातनाचा शोध लावला आणि पहिले गुलाबाचे अत्तर काढले, असे आमच्या व्याख्यानांतून आणि विशेषांकांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. याला भक्कम आधार नाही. इब्न सिना यांचा मृत्यू १०३७ सालचा. त्यांच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे अल-किंदी यांनी सुगंधाची रसायनविद्या आणि ऊर्ध्वपातन या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि त्यात शंभरावर कृती दिल्या होत्या. 'अल-अंबीक' हा शब्दच मुळात ग्रीक 'अंबिक्स'वरून आला आहे. अलेक्झांड्रियाच्या किमयागारांकडे ऊर्ध्वपातनाची भांडी होती. अरबांनी ती घेतली, सुधारली, गुलाबजलाचा मोठा धंदा उभा केला आणि ती विद्या पूर्वेला व पश्चिमेला पोहोचवली. हे काम काही थोडके नाही. एकाच माणसाच्या डोक्यावर मुकुट चढवण्याने शेकडो अनामिक कारागिरांचे श्रेय मात्र झाकले जाते.

अल-किंदींच्या त्या ग्रंथातील आणखी एक गोष्ट आमच्या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यात अस्सल सुगंधांबरोबर महागड्या द्रव्यांची नक्कल कशी करावी, पर्याय कसा बनवावा, याच्याही कृती आहेत. म्हणजे सुगंधविद्या आणि भेसळविद्या या जुळ्या बहिणी आहेत. म्हणूनच बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी बाराव्या शतकात अश-शैज़री यांनी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात अत्तारांच्या लबाड्या पकडण्यासाठी स्वतंत्र विवेचन करावे लागले.

ही विद्या दख्खन आणि माळव्यातही रुजली होती. मांडूच्या ग़ियासशाही दरबारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेला 'निअमतनामा' हा पाककृतींचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात सुगंधी अर्क, लेप आणि अत्तरे यांच्याही पुष्कळ कृती आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात सुगंधावर 'इत्र-ए-नवरसशाही' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला गेला. अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या खुशबूखान्यासाठी एक आईन दिला आहे. मांडूचा डोंगर उतरला की निमाड लागतो आणि निमाडच्या पलीकडे खानदेश. तेव्हा भपक्याची विद्या या मुलखात परकी नव्हती. दरबार बुडाले तरी भट्टी चालवणारे हात उरले, एवढे म्हणता येते.

खानदेशातील भट्ट्या

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या खानदेश खंडात रोशाच्या तेलाचे वर्णन आहे. धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर. पुढे गवत पश्चिम खानदेशभर सापडते म्हणून नंदुरबार, शहादे, तळोदे येथेही मुसलमान भट्टीवाले झाले. १८७९-८० साली एकट्या अक्राणी परगण्यात, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्यात, जवळजवळ दोनशे भट्ट्या चालू होत्या. पावसाळ्याच्या शेवटी गवत फुलावर आले की कापणी सुरू होई.

भट्टी नेहमी ओढ्याच्या काठी लावीत. जमिनीत चर खणून चुलाण करायचे, त्यावर मोठी कढई किंवा हंडा बसवायचा, त्यात गवत आणि पाणी भरायचे. वर लाकडी झाकण घालून फटी उडदाच्या पिठाने लिंपून बंद करायच्या. झाकणातून बांबूची नळी काढून तिचे दुसरे टोक तांब्याच्या भांड्यात सोडायचे आणि ते भांडे ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवून ठेवायचे. वाफ नळीतून येते, थंड होते, पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. ते अलगद काढून घ्यायचे.

या साध्या मांडणीमागे एक नाजूक तत्त्व आहे. रोशाच्या तेलातील मुख्य द्रव्य २३० अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. तेवढ्या आचेवर पाने जळून जातील आणि तेलाचा वास बिघडेल. पण तेल आणि पाणी एकमेकांत न मिसळता एकत्र उकळले की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळवला जातो, आणि ते मिश्रण शंभर अंशांच्या आतच उकळते. पाणी जणू तेलाला हात धरून बाहेर आणते. अक्राणीच्या भट्टीवाल्याला वाफेच्या दाबाचा नियम कोणी शिकवला नव्हता. पण आच किती लावायची, उडदाचे पीठ कुठे लिंपायचे आणि गवत फुलावर आल्याशिवाय का कापायचे नाही, हे त्याला चोख माहीत होते. आजच्या मोजमापांनीही त्याचीच बाजू खरी ठरवली आहे. तेल सर्वांत जास्त फुलांच्या तुऱ्यांत असते, त्याखालोखाल पानांत, आणि देठात जवळजवळ नाहीच.

गवतातही दोन जाती. एक मोतिया, दुसरी सोफिया. दिसायला दोन्ही इतक्या सारख्या की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना एकाच जातीचे दोन प्रकार मानले. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते आणि तिचे तेल गुलाबी वासाचे. सोफिया दमट, दाट जागी वाढते आणि तिच्या तेलाला सुंठेसारखा उग्र वास येतो. युरोपच्या बाजारात पहिल्याला पामरोझा आणि दुसऱ्याला जिंजरग्रास म्हणत. दोन्ही एकत्र कापली की मालाचा भाव पडे. ही निवड डोळ्यांनी होत नसे, नाकाने होई. डोंगर भिल्ल आणि पावरा लोकांचा. गवत ओळखणारी, कापणारी आणि डोक्यावरून भट्टीपर्यंत आणणारी माणसे तीच असणार, दुसरे कोण? भट्टी मुसलमानाची असली तरी धंदा दोघांच्या भागीत होता. त्यांच्यात वाटा मात्र सारखा असेल, असे समजण्याचे काही कारण नाही.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादले जाई. एक वाट कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला, दुसरी धुळे-मनमाडवरून मुंबईला. आणि मुंबईहून पुढे समुद्र.

इस्तंबूलचा प्रवास

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातील बंदरांत जाई आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातून तुर्कस्तानात पोहोचे. तुर्की बाजारात त्याला 'इद्रिस यागी' असे नाव होते. युरोपात ते 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणून ओळखले जाई, आणि पुष्कळ वर्षे तेथील लोकांना वाटे की ते तुर्कस्तानात तयार होते. ते हिंदुस्थानातल्या गवतापासून निघते, हा उलगडा १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या 'फार्माकोग्राफिया'सारख्या ग्रंथांनी युरोपच्या वाचकांपर्यंत नेला.

इस्तंबूलला या तेलाचे काय होई? डिंकाच्या पाण्याशी घुसळून, उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवत आणि उग्रपणा कमी करत. मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बल्गेरियातील कझानलुकच्या खोऱ्यात, जे १८७८ पर्यंत थेट उस्मानी अमलाखाली होते, काही जण याहून चलाख युक्ती करत. ऊर्ध्वपातनाआधीच गुलाबाच्या पाकळ्यांवर रोशाचे तेल शिंपडत, म्हणजे अत्तर आणि भेसळ एकाच वाफेवर बसून येत. एक किलो गुलाब तेलासाठी तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. एक टन रोशा गवतातून मात्र चार-पाच किलो तेल सहज निघते. भेसळीचे सारे गणित या दोन आकड्यांत आहे.

खरेदीदारही हुशार होते. अस्सल गुलाब तेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखा बिनवासाचा अंश असतो. रोशाचे तेल तसे गोठत नाही. म्हणून किती अंशांवर गोठते, यावरून परीक्षा होऊ लागली. तेव्हा भेसळवाल्यांनी देवमाशाच्या डोक्यातले मेण घालायला सुरुवात केली. इकडे मुंबईच्या बाजारात तर रोशाच्या तेलातच टर्पेंटाइन आणि भुईमुगाचे तेल मिसळले जात होते. म्हणजे भेसळीच्या मालातही भेसळ.

हा भाग लिहिताना आमची लेखणी अडखळते, हे लपवण्यात अर्थ नाही. या साखळीत खानदेशचा मुसलमान भट्टीवाला आहे, मुंबईचा व्यापारी आहे, अरब दलाल आहे आणि खलिफाच्या राजधानीतील अत्तारही आहे. ज्या धर्मग्रंथात मापात पाप करणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, ज्या पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले ओले धान्य बाहेर काढले आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले, त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या हातांतून हा व्यवहार होत होता. आमच्या इतिहासात इब्न सिना जितका आमचा, तितकाच हा अत्तारही आमचा. एकाला मिरवायचे आणि दुसऱ्याला विसरायचे, हा इतिहास नव्हे. पण दोष वाटताना ताजवा नीट धरला पाहिजे. भट्टीवाल्याने रोशाचे तेल रोशाचे म्हणून विकले असेल तर ते गुलाब कुठे झाले, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. गुलाबाचा भाव त्याच्या पदरात कधी पडलाच नाही.

जर्मनीतील एक बाटली

यानंतर या कथेला एक अनपेक्षित वळण मिळाले. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानी जिरेनियम तेल, म्हणजे आमचे रोशाचे तेल, ऊर्ध्वपातनाने वेगळे करून त्यातून एक शुद्ध द्रव मिळवला. त्याचे नाव ठेवले जिरॅनिऑल. खरे जिरेनियम तेल निघते पेलार्गोनियम या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील झुडपाच्या पानांतून. ते याकोबसेनच्या बाटलीत नव्हते. व्यापाऱ्यांनी लावलेले खोटे नाव शास्त्राने खरे म्हणून उचलले. त्यामुळे हिंदुस्थानी गवतातून प्रथम शुद्ध मिळालेल्या द्रव्याला एका आफ्रिकी झाडाचे नाव कायमचे चिकटले.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. मोतिया रोशाच्या चांगल्या तेलात त्याचे प्रमाण तीन-चतुर्थांश आणि कधी त्याहून जास्त असते. उरलेल्या भागात मुख्यतः त्याचेच एक संयुग, जिरॅनिल ॲसिटेट, आणि थोडे लिनालूल. अशा सुगंधी द्रव्यांच्या गोंधळात व्यवस्था आणली ओटो वालाख या रसायनशास्त्रज्ञाने. पाच कार्बनच्या एकाच विटेने, आयसोप्रीनने, ही सारी घरे बांधलेली आहेत, हे त्याच्या कामातून पुढे आले. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनचे टर्पीन. १९१० सालचे नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळाले. जिरॅनिऑलमधून दोन हायड्रोजन काढले की सिट्रल होते, म्हणजे गवती चहाचा लिंबाचा वास. दोन भावंडांच्या वासात एवढा फरक, पण रसायनात दोन अणूंचाच.

मग रोशा आणि गुलाब यांचा वास मिळताजुळता का, हेही स्पष्ट झाले. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतेच. त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल असते, आणि साधारणतः जिरॅनिऑलपेक्षा जास्त असते. भेसळ म्हणजे सर्वस्वी परकी वस्तू नव्हती. गुलाबाचा एक सूर घेऊन तो पूर्ण राग म्हणून विकला जात होता. बाकीचे सूर कोणते, ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९५९ साली गुलाब तेलातील रोझ ऑक्साइड सापडले, आणि नंतरच्या दशकात डमास्केनोन. यांचे प्रमाण तेलात अगदी अल्प, पण अस्सल गुलाबाचा खरा ठसा त्यांच्यातच आहे. १९५२ नंतर वायू-वर्णलेखन तंत्र आले आणि तेलातील प्रत्येक घटक आपल्या वेळेला वेगळा होऊन कागदावर दिसू लागला. मुहतसिबाचे काम आता यंत्र करते. इस्तंबूलची जुनी युक्ती आज पहिल्याच तपासणीत पकडली जाईल.

तेलाचे गुण

खानदेश आणि निमाडात रोशाचे तेल सांधेदुखी, कंबरदुखी आणि त्वचारोगावर चोळण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनीही संधिवातावर ते वापरून पाहिले. आधुनिक प्रयोगशाळांनी तेलाची तपासणी केली तेव्हा त्याचे जीवाणू आणि बुरशी यांच्यावरचे परिणाम दिसून आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यीस्टच्या पेशींवर रोशाचे तेल आणि जिरॅनिऑल यांचा परिणाम पाहिला गेला. तेल पेशीच्या पातळ पडद्यात शिरते, पडदा विस्कळीत होतो आणि आतले पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. कुंपण मोडलेल्या घरासारखी पेशीची अवस्था होते. जिरॅनिऑल डासांनाही दूर ठेवते, म्हणून ते डास पळवणाऱ्या अनेक उत्पादनांत वापरले जाते.

झाड असे द्रव्य का बनवते? झाडाला पळता येत नाही. किडा, बुरशी यांच्याशी त्याला जागच्या जागी उभे राहून लढायचे असते, आणि हे तेल त्याच्या हत्यारांपैकी एक. पण निसर्गात एका द्रव्याचा एकच अर्थ नसतो. ज्या जिरॅनिऑलने डास दूर जातो, तेच जिरॅनिऑल कामकरी मधमाशी आपल्या पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून सोडते आणि सोबतिणींना जवळ बोलावते. मधमाशीच्या नावाची कुरआनात एक सूरह आहे. तिच्याकडून विचार करायला शिकावे असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या वाचकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

मात्र येथेही बढाई टाळली पाहिजे. प्रयोगशाळेतील बशीत बुरशी मरते, याचा अर्थ माणसाचा रोग बरा होतो, असा नाही. अलीकडे अत्तरविक्रेत्यांच्या दुकानांतून आणि 'तिब्बे-नबवी'च्या नावाखाली निघणाऱ्या पत्रकांतून अशा तेलांनी मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे होते, असे दावे केले जातात. श्रद्धेच्या कागदात गुंडाळलेली ही नवी भेसळच होय. तेल प्यायला देणे तर धोक्याचे. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समजही खोटा. जिरॅनिऑल हवेशी संयोग पावून काहींच्या त्वचेवर पुरळ आणते. म्हणूनच युरोपीय संघाने २००३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे छापणे सक्तीचे केले, त्यांत जिरॅनिऑल आहे.

भट्टी विझली

हा धंदा आटला त्याची कारणे अनेक. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील गवतही सरकारी वनोपज ठरले. गवत कापायला परवाना, जळणाला परवाना, आणि बोली लावायला भांडवल. ज्याच्याकडे फक्त कढई आणि अक्कल होती, तो यात मागे पडला. दुसरा घाव रसायनाने घातला. १९५० च्या दशकानंतर अमेरिकेत टर्पेंटाइनमधील पायनीनपासून जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले. मुंबईचे दलाल रोशाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळत, तेव्हा ती लबाडी होती. शंभर वर्षांच्या आत त्याच टर्पेंटाइनपासून रोशाच्या तेलाचे मुख्य द्रव्य प्रामाणिकपणे, बिलावर लिहून, बनू लागले.

तरी रोशा संपलेला नाही. साबण, अत्तर, तंबाखू यांना नैसर्गिक तेलाची मागणी आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने रोशाची सुधारित वाणे काढली आणि २०१७ नंतर सुगंधी पिकांच्या सरकारी मोहिमेतून त्याची शेती अनेक राज्यांत वाढली. कमी पाण्याच्या, हलक्या जमिनीत ते तग धरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. कागदावर का होईना, अक्राणीच्या डोंगरावरील गवतावर प्रथमच तेथल्या माणसाचा हक्क लिहिला गेला.

भट्टीवाल्याचा हक्क मात्र कोठेही लिहिलेला नाही. लखनौच्या जनरलचे नाव गवताला मिळाले. जर्मन प्राध्यापकाचे नाव रसायनाच्या पुस्तकात गेले. इस्तंबूलचे नाव व्यापाराला लागले. खानदेशच्या कारागिरांची ओळख मात्र गॅझेटियरमधील 'मुसलमान' या एका शब्दात आटोपली, आणि भिल्ल-पावरांच्या नाकाची तर नोंदच झाली नाही. आमच्या समाजातील लेखकांनी दरबारांविषयी पुष्कळ लिहिले, कबरी आणि किल्ल्यांविषयी लिहिले. अत्तार, रंगारी, पिंजारी, मोमीन, तांबोळी, भट्टीवाले यांच्या हातांतील विद्येविषयी फार थोडे लिहिले. वास्तविक या महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमानांचे पूर्वज दरबारी नव्हते, कारागीरच होते.

पिंपळनेर, नंदुरबार, शहादे, तळोदे या गावांतील जुन्या घरांत अजून एखादा चामड्याचा बुधला, एखादी तांब्याची हंडी, मुंबईच्या पेढीचे एखादे पत्र किंवा आजोबांच्या भट्टीची आठवण सांगणारे कोणी असू शकेल. तेथल्या महाविद्यालयांतील आमच्या तरुण प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक उन्हाळा त्यासाठी द्यावा. माणसांची नावे लिहून घ्यावीत, ओढे आणि भट्टीच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, गवत कापणाऱ्यांच्या घरीही जाऊन विचारावे. भेसळीच्या गोष्टी निघाल्या तर त्याही जशाच्या तशा लिहाव्यात. हे काम मराठीत झाले पाहिजे, कारण त्या भट्ट्यांची भाषा अहिराणी, भिल्ली आणि खानदेशी उर्दू असली, तरी तिच्या सर्वांत जवळ असलेली लिहिती भाषा मराठीच आहे.